माळढोक वाचवायचा, पण गावाला विचारून!



सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागले की वीसएक किलोमीटरवर नान्नज येते. उत्तर सोलापूर तालुक्यातले हे गाव द्राक्षबागाईतदारांना चांगले ठाऊक आहे. ‘सोनाका’ ही लांब मण्याची जात याच गावच्या नानासाहेब काळे यांनी थॉमसनच्या वेलीतून निवडून काढली आणि तिने पुढे सगळ्या द्राक्षपट्ट्यात नाव कमावले. पण पक्षी पाहायला येणाऱ्या देशी-परदेशी माणसांना नान्नज ठाऊक आहे ते दुसऱ्याच कारणाने. तेथल्या माळावरचा माळढोक त्यांना तेथे ओढून आणत असे. ‘असे’ म्हणावे लागते, कारण आता वर्षाकाठी एखादा दिसला तरी ती बातमी होते.

मी माझ्या नोकरीची बरीच वर्षे याच भागात काढली. खताच्या गोण्या, बियाण्याच्या पिशव्या आणि शेतीशाळा यांच्या मागे हिंडताना या पक्ष्याचे नाव मी हजार वेळा ऐकले, आणि दरवेळी शिवीसकट ऐकले. एवढा देखणा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा पक्षी. आणि ज्याच्या शेजारी तो पिढ्यान् पिढ्या राहिला त्या शेतकऱ्यालाच तो नकोसा का व्हावा? आज पर्यावरणाच्या नावाने सगळीकडे मेळावे भरतात, मोर्चे निघतात, लोकांना सामील व्हा म्हणून हाका मारल्या जातात. अशा वेळी आपल्या जिल्ह्यातला हा जुना हिशेब एकदा नीट मांडून पाहण्यासारखा आहे.

आधी पक्ष्याची ओळख करून देतो, कारण तरुण मंडळींनी तो पाहिलेला नसणार. माळढोक माणसाच्या कमरेच्या वर येईल एवढा उंच असतो. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. उडू शकणाऱ्या जड पक्ष्यांत त्याची गणना होते. पाठ तपकिरी, मान पांढरी, डोक्यावर काळी टोपी. पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवून, शेपटी उभारून मादीपुढे नाचतो आणि खोल घुमणारा आवाज काढतो. मादी घरटे बांधत नाही. उघड्या माळावर, गवताच्या ठोंबाआड, बहुधा एकच अंडे घालते आणि जवळजवळ महिनाभर एकटीच उबवते. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे, शेंगा असे मिळेल ते तो खातो. म्हणजे आपल्या दृष्टीने पाहिले तर फुकटात नाकतोडे टिपणारा गडीच. ज्वारी-करडईच्या रानातही तो चरायला येई आणि जुनी माणसे त्याला हाकलतसुद्धा नसत.

वर्षाला एक अंडे, तेही जमिनीवर! मेंढीचा पाय पडला, कुत्र्याने पाहिले, नांगर फिरला की त्या वर्षाचा वंश संपला. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

१९७० नंतरच्या वर्षांत सोलापूरचे निसर्गप्रेमी बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळावर हा पक्षी आहे हे लोकांच्या आणि सरकारच्या नजरेस आणले व त्यासाठी मोठा पाठपुरावा केला. त्याच सुमारास अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून माळाचे काही तुकडे राखून ठेवले गेले. चराई थांबली, गवत वाढले, आणि त्या गवतात माळढोक येऊ लागला. पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभ्यासकही नान्नजला मुक्काम ठोकून राहिले. येथवर सारे छान होते. राखलेले तुकडे लहान होते, गावकऱ्यांना त्यांची सवय झाली होती, आणि पाखरू पाहायला कोणी आले तर पोरे कौतुकाने वाट दाखवीत.

मग १९७९ साल उजाडले. सप्टेंबरात शासनाने माळढोक अभयारण्य जाहीर केले. त्याचे क्षेत्र किती असेल? ८,४९६ चौरस किलोमीटर! सोलापूर आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या दोन जिल्ह्यांतल्या अनेक तालुक्यांचा मुलूख त्यात आला. त्यात गावे आली, बाजारपेठा आल्या, विहिरी, बागा, गुऱ्हाळे आली. वनखात्याची जमीन त्यात थोडी. बहुतेक जमीन तुमच्या-आमच्या सातबाऱ्यावरची. पक्षी मात्र मोजक्याच माळांवर होता.

याचा अर्थ काय, हे बऱ्याच गावांना पुष्कळ वर्षे कळलेच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात असे आहे की अभयारण्याची अधिसूचना निघाली की त्या हद्दीतल्या जमिनीवर नवा हक्क कोणालाही मिळवता येत नाही. अपवाद फक्त वारसाहक्काचा. म्हणजे बापाची जमीन मुलाला मिळेल, पण मुलाला ती विकायची म्हटली तर घोडे अडले. त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट लिहिलेली आहे, आणि ती आपल्या बाजूची आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी लोकांच्या हक्कांची चौकशी करावी, त्याची जाहीर सूचना प्रादेशिक भाषेत गावोगाव लावावी, आणि दावा मांडायला लोकांना दोन महिने द्यावेत. कायदा करणाऱ्यांना शेतकरी दिसला होता. पण देशभर ही चौकशी वर्षानुवर्षे रेंगाळली. अखेर १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की राज्यांनी हे काम वर्षभरात पुरे करावे. आपल्याकडे तोवर अधिसूचनेला अठरा वर्षे होत आली होती.

त्या काळातली एक आठवण सांगतो. राहुरीहून बी.एस्सी. कृषी होऊन मी नोकरीला लागलो त्याला चारपाच वर्षे झाली असतील. करडईवरच्या माव्याबद्दल सांगायला एका गावी गेलो होतो. पारावर पंधरावीस माणसे जमली होती. माझे बोलणे संपते न संपते तोच एक मावशी उठल्या. नवरा वारलेला, पदरी दोन मुली. थोरलीचे लग्न ठरलेले. एक एकर विकायचे ठरवले, गिऱ्हाईकही मिळाले, आणि एका कचेरीतून कागद परत आला, जमीन अभयारण्यात आहे म्हणून. मावशींनी तो कागद माझ्यापुढे धरला.

“साहेब, हे ढोक का काय ते म्या कधी बघितलं न्हाई. त्येला माझं एकर कशाला पायजे?”

मला उत्तर देता आले नाही. मी कृषी खात्याचा, हे वनखात्याचे काम, असे काहीतरी पुटपुटलो. खरे तर त्या कागदाची भाषा मलाही नीट उमगली नव्हती. शेजारी बसलेले एक आबा म्हणाले, “साहेब, पाखराला आमचा इरोध न्हाई. पर त्येचं नाव काढलं की आता अंगावर काटा येतो. दिसलं तर कुणाला सांगू नगा, असं पोरांना बजावलंय.”

ते शेवटचे वाक्य मी विसरलेलो नाही. ज्या पोरांनी एके काळी पक्षी दाखवला असता त्यांना गप्प राहायला शिकवले गेले. कारण पक्षी दिसला की बंधने येतील अशी भीती. दोष कोणा एका माणसाचा नव्हता. पण या एका भीतीने माळढोकाचे जेवढे नुकसान केले तेवढे शिकाऱ्यांनीही केले असेल की नाही, शंका आहे.

हे आपल्याकडेच झाले असेही नाही. मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यात करेरा म्हणून ठिकाण आहे. तेथे १९८१ साली माळढोकासाठीच अभयारण्य झाले, सुमारे २०२ चौरस किलोमीटरचे, आणि तेही खाजगी शेतजमिनींवर. तेथेही जमिनीची खरेदी-विक्री अडली. संरक्षणामुळे काळवीट मात्र वाढले आणि पिके फस्त करू लागले. पक्ष्यावरचा आणि काळविटावरचा लोकांचा राग एकच झाला. १९९० नंतरच्या दशकात करेऱ्यातून माळढोक नाहीसा झाला. अभयारण्याची पाटी मात्र पुढेही कितीतरी वर्षे उभी होती आणि जमिनी अडलेल्याच होत्या.

आता उलट उदाहरण पाहा. राजस्थानात या पक्ष्याला गोडावण म्हणतात. १९७८-७९ च्या हिवाळ्यात जैसलमेरच्या वाळवंटात अरब देशातला एक राजपुत्र ससाण्यांचा लवाजमा घेऊन तिलोर पक्ष्यांच्या शिकारीला उतरला. तिलोर हा माळढोकाचाच लहान भाऊबंद. बातमी फुटली तसे लोक खवळले. जयपुरात निदर्शने झाली, वर्तमानपत्रांनी प्रकरण उचलले आणि शिकार थांबवावी लागली. पुढच्या वर्षी, १९८० मध्ये, जयपुरात माळढोक कुळातल्या पक्ष्यांवर मोठा परिसंवाद भरला आणि १९८१ साली गोडावण राजस्थानचा राज्यपक्षी झाला. आज देशात जे दीडशेच्या आसपास माळढोक उरले असे मानतात, त्यांतले बहुतेक जैसलमेरकडेच आहेत.

तेथले लोक आपल्यापेक्षा काही वेगळ्या मातीचे आहेत का? बिष्णोई समाजाची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. १७३० मध्ये जोधपूरजवळ खेजडलीला अमृतादेवींच्या मागे ३६३ माणसांनी झाडांसाठी प्राण दिले. अशी परंपरा पाठीशी असली की बळ येते हे खरे. पण माझ्या मते कारण त्याहून साधे आहे. शिकारीविरुद्ध उठलेल्या माणसाला वाटले की आपल्या रानात बाहेरचा घुसला, आपले चोरून नेतो आहे. आपल्याकडे १९७९ च्या कागदाने नेमके तेच वाटायला लावले. फक्त बाहेरचा म्हणून जो उभा राहिला तो बिचारा माळढोक होता. हिमालयातल्या बायका १९७३-७४ मध्ये झाडांना मिठ्या मारायला धावल्या, तेव्हा जळण, चारा, पाणी त्याच जंगलातून घरी येत होते. चिपकोचे व्याख्यान त्यांना कोणी शहरातून येऊन दिलेले नव्हते.

आपल्या जिल्ह्यात पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. तक्रारी झाल्या, निवेदने गेली, लोकप्रतिनिधींनी प्रश्न लावून धरला. समित्या बसल्या, हद्दी पुन्हा आखल्या गेल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेनंतर २०१२ च्या सुमारास अभयारण्य सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. शेकडो गावे मोकळी झाली. पेढे वाटले गेले. मलाही आनंद झाला. त्या मावशींची आठवण झाली. धाकटीच्या लग्नाला तरी अडचण आली नसेल अशी आशा आहे.

पण मंडळी, हिशेब मांडायला बसलो आहोत तर आपली बाजूही लिहिली पाहिजे. या तीन-चार दशकांत माळ कोणी मोडला? १९८० मध्ये उजनी धरण झाले, पाणी आले, ऊस आला. पाण्याबरोबर ऊस येणारच. मी स्वतः ठिबकची, द्राक्षाची, डाळिंबाची शिफारस गावोगाव केली आहे आणि तिची मला लाज वाटत नाही. मात्र माळ म्हणजे पडीक, पडीक म्हणजे वाया गेलेले, असे आम्ही सगळेच म्हणत राहिलो. कागदोपत्रीही तसेच लिहीत राहिलो. कुसळी, मारवेल, पवना उगवणाऱ्या माळावर खड्डे काढून गिरिपुष्प आणि कडुनिंब लावले. वृक्षारोपण म्हणून फोटो निघाले. माळढोकाला झाडी नको असते, त्याला लांबवर नजर पोचेल असे मोकळे गवत हवे असते, हे कोणी विचारात घेतले नाही. धनगराची मेंढरे, काळवीट, खोकड, लांडगा, चंडोल हा सगळा प्रपंच त्या गवतावर चालतो. गवत गेले की मेंढपाळ आधी परागंदा होतो, पक्षी नंतर.

वर विजेच्या तारांचे संकट आले. माळढोकाला समोरचे कमी दिसते. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, नजर खाली जमिनीवर, आणि अंग जड. तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. या प्रश्नावर खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९ एप्रिल २०२१ रोजी न्यायालयाने गुजरात-राजस्थानातल्या माळढोकाच्या भागातल्या तारा जमिनीखाली घालण्याचा आदेश दिला. सौर आणि पवनविजेच्या कामांना तो जाचक ठरतो अशी तक्रार आली, आणि २१ मार्च २०२४ रोजी तो सरसकट आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली गेली. त्या निकालात एक मोठी गोष्ट आली. हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा नागरिकांना हक्क आहे आणि तो घटनेच्या कलम १४ व २१ मधून येतो, असे न्यायालयाने म्हटले. समता आणि जगण्याचा हक्क ही ती दोन कलमे. अवकाळीने ज्याची बाग झोपली, पाऊस लांबल्याने ज्याला दुबार पेरणी करावी लागली, त्याच्याशी या वाक्याचा थेट संबंध आहे. आणि हे वाक्य लिहिले गेले ते माळढोकाच्या खटल्यात! पर्यावरण एकीकडे आणि माणसाचे हक्क दुसरीकडे असे जे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो, त्याची गाठ अशी एका पाखराशी येऊन पडली.

मग आता गावाने काय करावे? मी वकील नाही, शेतीचा माणूस आहे. पण दोन-तीन गोष्टी कामाच्या म्हणून सांगतो.

अभयारण्याभोवतीच्या संवेदनक्षेत्राची किंवा तशा बंधनांची प्रारूप अधिसूचना निघते तेव्हा हरकती-सूचनांसाठी साधारणपणे ६० दिवस मिळतात. आपली गावे तेथेच हरतात. राजपत्र कोण वाचतो? मुदत संपल्यावर आपण मोर्चा काढतो. ग्रामसेवकाला आणि गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीला हे काम नेमून द्या. आता मोबाईलवर राजपत्र दिसते. प्रारूप आले की ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्या, समजले नाही तर वाचणाऱ्याला पुन्हा विचारा, आणि हरकत गट नंबरासकट लेखी पाठवा. ‘आमचा विरोध आहे’ एवढ्या एका ओळीची हरकत फाईलमध्ये दबून जाते. कोणत्या गटात विहीर, कोणत्या गटात वस्ती, कोणता माळ खरोखर गवताचा, हे लिहिलेली हरकत बाजूला सारणे अवघड असते. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. जुनी अधिसूचना, नकाशा, चौकशीचे कागद दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतात.

दुसरे असे की २००२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात एक नवे दार उघडले आहे. गावाने किंवा जमीनमालकाने स्वतः होऊन तयारी दाखवली तर त्यांची खाजगी किंवा सामायिक जमीन ‘समुदाय राखीव क्षेत्र’ म्हणून जाहीर होऊ शकते. येथे पहिला शब्द गावाचा असतो. १९७९ ला हे दार नव्हते. त्याच वर्षी झालेल्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक गावात समिती आणि लोकांची नोंदवही असावी असे सांगितले आहे. बहुतेक गावांत ती कपाटात असते. ती बाहेर काढा आणि तिच्यात माळ ‘पडीक’ म्हणून लिहिला असेल तर आधी तो शब्द खोडा.

हे सांगणे सोपे. प्रत्यक्षात काय होते ते गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर पाहिले. एका गावात गायरानाचा चौथा हिस्सा आषाढापासून दसऱ्यापर्यंत राखावा, चराई बंद ठेवावी, आणि बी झडल्यावर गवत कापून सर्वांना वाटावे अशी सूचना मी मांडली. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांना ते महिने मिळतील आणि कार्तिकात चाराही मिळेल असा माझा हिशेब होता. तरुण मुलांनी टाळ्या वाजवल्या. फलक रंगवायचेसुद्धा ठरू लागले.

मग मागच्या बाजूने एक धनगर तात्या उठले. “तीन महिने माझी दीडशे मेंढरं कुठं घालू? शेतं पेरलेली, बांधावर कुणी उभं करत न्हाई. तुमचं गवत कार्तिकात, माझी मेंढरं आज उपाशी.” ते खाली बसतात तो दलित वस्तीतला एक गडी बोलला. गायरानाच्या कडेचे दोन एकर त्याच्या आजोबांपासून कसतात. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची गायरानातली अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ साली झाला, पण त्याच्या नावावर जमीन अजून लागलेली नाही. २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गायराने मोकळी करण्याच्या नोटिसा निघतात तेव्हा त्याच्या घरात झोप लागत नाही. “राखीव म्हणलं की पहिला धक्का मलाच. हे तुम्ही आधी कागदावर लिवा, मग मी फलक रंगवायला येतो.”

मला एकदम पंचवीस वर्षांपूर्वीचा तो पार आठवला. टाळ्या वाजवणाऱ्यांची जमीन त्या गायरानात नव्हती, मेंढरेही नव्हती. फलक बाजूला ठेवले. मग तीन तास बसलो. राखायचा हिस्सा कडेच्या त्या दोन एकरांपासून लांबच्या बाजूला धरायचा, कसणाऱ्याचे नाव व गट ठरावातच लिहायचे, हे जमले. मेंढरांचे मात्र जमेना. एकाने सुचवले की चौथ्याऐवजी आठवा हिस्सा धरा. बचत गटाच्या बायका म्हणाल्या, कापलेल्या गवतात तात्यांचा वाटा दुप्पट धरा. तात्या म्हणाले, दुप्पट वाटा कार्तिकातला, आषाढाचं बोला. शेवटी ज्यांच्या विहिरीला पाणी आहे अशा सहा जणांनी मेंढरांना बांधावर आणि उसाच्या खोडव्याच्या रानात बसवून घ्यायची तयारी दाखवली. खत मिळेल हा त्यांचा फायदा. तात्यांनी ‘घरी विचारून सांगतो’ म्हटले.

त्या वर्षी ठराव झाला नाही. आषाढ निघून गेला आणि मेंढरे नेहमीप्रमाणे गायरानात चरली. पण दिवाळीनंतर तात्यांचा निरोप आला, की यंदा मृग लागायच्या आधी पुन्हा बसू, आणि त्या सहा जणांच्या सह्या आधी घेऊन ठेवा.